मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

आमच्या बाबांना रिकाम्या खोलीत दिवा चालू दिसला की त्यांचा पारा चढतो. "बिल कोण भरणार?" हे ऐकतच मी मोठा झालो, आणि गंमत म्हणजे आता बिल मीच भरतो तरी प्रश्न तोच आहे आणि विचारणारेही तेच. मग कुणीतरी उठायचं, बटण बंद करायचं आणि दहा मिनिटांनी त्याच खोलीत चष्मा शोधायला जाऊन परत तोच दिवा लावायचा, असं चालतं.

मागच्या वर्षी मी एक छोटं मीटर आणलं. सॉकेट आणि प्लगच्या मधे लावायचं असतं, कुठली वस्तू किती वॉट खातेय ते आकड्यात दिसतं. हौस म्हणून आणलं आणि मग नादच लागला, घरातले वैतागले, मिक्सर वापरायला घ्यावा तर हा आधी मीटर लावतो म्हणून. पण पहिला धक्का मिक्सरने दिलाच नाही, तो दिला टीव्हीखालच्या सेट टॉप बॉक्सने. टीव्ही बंद, बॉक्स रिमोटने बंद केलेला, हिरवा दिवा जाऊन लाल लागलेला, आणि मीटर दाखवतंय १३ वॉट. चालू केला, तर १४. म्हणजे त्या बॉक्सच्या भाषेत "बंद" याचा अर्थ फक्त लाल दिवा लावणे एवढाच. आमची मांजर इतकी वर्षं त्याच बॉक्सवर अंगाचं मुटकुळं करून का झोपते ते त्या दिवशी कळलं, तिथं ऊब आहे हे तिला आमच्या आधी माहीत होतं.

आता हिशोब करा. १३ वॉट, दिवसाचे २४ तास, वर्षाचे ३६५ दिवस, झाले जवळपास ११४ युनिट. आणि बाबा ज्याच्यावरून चिडतात तो दिवा ९ वॉटचा एलईडी, तो रोज दोन तास कुणी विसरलं असं धरलं तरी वर्षाचे साडेसहा युनिट. इतकी वर्षं आम्ही मोरीला बोळा कोंबत होतो आणि दरवाजा सताड मोकळा होता.

यात बाबांना नावं ठेवायची नाहीयेत मला. त्यांच्या काळात दिवा म्हणजे ६० किंवा १०० वॉटचा पिवळा बल्ब, ज्यातली नव्वद टक्क्यांच्या वर वीज नुसती उष्णता होऊन जायची आणि उरलेला जेमतेम उजेड. बल्ब म्हणजे थोडासा उजेड देणारी शेगडीच. त्या हिशोबात "दिवा बंद कर" हे अगदी बरोबर होतं. मग निळा एलईडी आला, ज्यामुळे पांढरा उजेड देणारे एलईडी दिवे शक्य झाले आणि ज्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ६० वॉटचं काम ९ वॉटमधे व्हायला लागलं. दिवा बदलला, ओरडा मात्र तोच राहिला.

आणि हे आमच्याच घरात आहे असंही नाही. शहझीन अत्तारी या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली अमेरिकेतल्या ५०५ लोकांचा एक सर्व्हे प्रसिद्ध केला होता, त्यात साधा प्रश्न होता की ऊर्जा वाचवायला तुम्ही करू शकाल अशी सगळ्यात परिणामकारक गोष्ट कुठली. सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर दिवे बंद करणे. आणि वेगवेगळ्या उपकरणांचा वापर आणि बचत किती असेल याचा अंदाज करायला सांगितलं तेव्हा लोकांचे आकडे खऱ्यापेक्षा सरासरी २.८ पट कमी निघाले. छोट्या गोष्टींचा अंदाज बऱ्यापैकी जमतो, मोठ्या गोष्टी मोठ्या आहेत हेच लक्षात येत नाही. यात नवल नाही म्हणा, दिवा डोळ्याला दिसतो आणि गरम पाण्यातली वीज दिसत नाही.

एक युनिट म्हणजे नक्की किती, हेच मुळात डोक्यात बसलेलं नसतं आपल्या. १००० वॉटची वस्तू एक तास चालली की एक युनिट, हे शाळेत पाठ केलेलं. पण असं बघा, एखादा धडधाकट माणूस दिवसभर, म्हणजे आठ तास घाम गाळत सायकल दामटत बसला आणि त्या सायकलला डायनॅमो लावला, तर संध्याकाळी हातात येणार अर्धा ते पाऊण युनिट. आणि १५ लिटर पाणी ३० अंशांनी गरम करायला लागतं साधारण अर्धा युनिट. म्हणजे एका माणसाची एक बादली गरम पाणी ही दुसऱ्या माणसाची अख्ख्या दिवसाची मजुरी आहे, आणि ती आपण सकाळी डोळे चोळत मोरीत ओतून देतो. त्याच अर्ध्या युनिटात ९ वॉटचा दिवा सलग दोन दिवस आणि वर काही तास जळेल. हे गणित मी बाबांना कागदावर मांडून दाखवलं तर ते म्हणाले, "म्हणजे आता आंघोळ पण करायची नाही का?"

नाही, आंघोळ करायची. मुद्दा एवढाच आहे की घरातली वीज बहुतेक करून दोन ठिकाणी जाते, एक म्हणजे काहीतरी तापवण्यात किंवा गार करण्यात, आणि दुसरं म्हणजे जे कधी झोपतच नाही त्यात. गीझर, एसी, हीटर, कपडे वाळवायचं मशीन हे पहिल्यात. फ्रिज दोन्हीकडे आहे, कारण तो गारही करतो आणि झोपतही नाही. वॉशिंग मशीन गरम पाण्यावर लावलं तर त्यातली बहुतेक वीज पाणी तापवायला जाते, ड्रम फिरवायला थोडीच लागते, त्यामुळे गार पाण्यावर धुतलं की एका बटणात काम होतं. बाकी मोबाईलचा चार्जर भिंतीवरून काढा वगैरे जे सल्ले असतात त्यांच्या नादी फार लागू नका, नवीन चार्जर नुसता लटकत राहिला तर वर्षभरात एक युनिटसुद्धा खात नाही. काढायचा तर काढा, पण काढून झाल्यावर आपण जग वाचवलं अशा समाधानात एसी १८ वर लावून झोपू नका.

थेंबे थेंबे तळे साचे हे खरंय, पण तळ्याला भोक नसेल तर.

आमच्या फ्रिजची गोष्ट सांगतो. मीटर लावून दोन दिवस बघितलं तर कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेईना. मग कुठंतरी ऐकलं होतं तसं दारात एक कागद धरून दार लावलं आणि कागद ओढला. वरच्या बाजूला घट्ट बसला होता, खालच्या कोपऱ्यात अलगद सुटून हातात आला. दाराचं रबर तिथं कडक होऊन वाकलं होतं आणि किती वर्षं तिथून गारवा खोलीत गळत होता देव जाणे. रबर बदललं, मागची जाळी झाडली (त्यात एवढी धूळ की विचारू नका), फ्रिज भिंतीपासून चार बोटं पुढे ओढला आणि दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्रेसर मधे मधे गप्प बसायला लागला. रात्री घर इतकं शांत झालं की आईला वाटलं फ्रिज बंद पडला, ती उठून बघून आली.

तर इथपर्यंत सगळं घरातल्या घरात झालं. माझं खरं म्हणणं पुढे आहे. सेट टॉप बॉक्स १३ वॉट खातो हे कुणी ठरवलं? मी नाही, बाबांनी तर नाहीच नाही. बनवणाऱ्याने ठरवलं, कारण त्याला थोडं स्वस्त सर्किट घालायचं होतं आणि त्या १३ वॉटचं बिल त्याला येत नाही. छत किती तापेल, खिडकी कुठल्या दिशेला येईल, हे घर बांधणाऱ्याने ठरवलं, आणि तो तर त्या घरात एक रात्रही झोपणार नाही. गीझरच्या आत इन्सुलेशन किती जाड आहे, पंख्यात जुनी ७५ वॉटची मोटर आहे की बीएलडीसीवाली (कमी वीज खाणारी, नव्या पद्धतीची) ३० वॉटची, हे दुकानात ठरतं आणि पुढची दहा पंधरा वर्षं ते बदलत नाही. पंखा रोज १२ तास चालत असेल तर या एका फरकाचे वर्षाला दोनशेच्या आसपास युनिट होतात, आणि तो पंखा तुम्ही कितीही काटकसरीने वापरा, खोलीत माणूस आहे तोवर चालवावा तर लागणारच ना. म्हणजे बटण आपल्या हातात आहे पण बिल लिहितंय दुसरंच कुणीतरी, आणि वीज वाचवा म्हणून उपदेश मात्र सगळा आपल्याला.

या उपदेशाने किती फरक पडतो ते मोजलेलंही आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावी एक प्रयोग झाला, २००७ साली प्रसिद्ध झाला. जवळपास तीनशे घरांच्या दारावर चिठ्ठ्या अडकवल्या, तुमचा वापर इतका, शेजारपाजारचा सरासरी इतका. ज्यांचा वापर जास्त होता त्यांनी तो कमी केला, छान. पण ज्यांचा आधीच कमी होता त्यांनी तो वाढवला! आपण उगीचच काटकसर करत होतो असं वाटलं असणार. मग त्यांच्या चिठ्ठीवर एक हसरा चेहरा काढून दिला तेव्हा कुठे ते वाढणं थांबलं. पुढे अशी शेजाऱ्यांशी तुलना करणारी पत्रं लाखो घरांत जायला लागली आणि हंट ऑलकॉट या अर्थतज्ज्ञाने सहा लाख घरांचा डेटा तपासला, २०११ मधे, तर सरासरी बचत निघाली २ टक्के. दोन टक्के वाईट नाहीत, पत्र स्वस्त असतं. पण दोनच.

आता याच्या शेजारी फ्रिज ठेवून बघा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नवा फ्रिज वर्षाला साधारण १८०० युनिट खायचा. १९७३ च्या तेलटंचाईनंतर आर्थर रोझेनफेल्ड नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने आपलं कणभौतिकीचं काम सोडून या असल्या घरगुती गोष्टींमधे डोकं घातलं, कॅलिफोर्नियाने फ्रिजसाठी किमान कार्यक्षमतेचे नियम आणले, मग ते देशभर आले, १९९०, १९९३, २००१ असे टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. २००१ च्या नियमानंतरचा फ्रिज ५०० च्या आसपास. सत्तर टक्क्यांच्या वर घट, आणि या काळात फ्रिज आकाराने मोठे झाले आणि महागाई वजा केली तर किंमतही खाली आली. कुणाच्याही बाबांना ओरडावं लागलं नाही. कुणी फ्रिज कमी वेळा उघडायची शपथ घेतली नाही. फक्त वाईट फ्रिज विकायला बंदी झाली.

स्टँडबायचंही, म्हणजे वस्तू बंद दिसत असताना खाते त्या विजेचंही, तेच. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मधे सुचवलं की स्टँडबायवर एक वॉटच्या वर जायचं नाही, युरोपियन युनियनने साध्या स्टँडबायला २०१० पासून १ वॉट आणि २०१३ पासून अर्ध्या वॉटची मर्यादा घातली, आणि कंपन्यांना ते जमलं. जमत होतंच, कुणी विचारलं नव्हतं इतकंच.

बाजार आपोआप करेल म्हणणाऱ्यांना मी नेहमी बल्बची गोष्ट सांगतो. १९२४ साली जगातल्या बड्या बल्ब कंपन्या जिनिव्हात एकत्र बसल्या, फीबस नावाचं कार्टेल (स्पर्धा टाळायला कंपन्यांनी आपसात केलेली युती) केलं आणि ठरवलं की बल्बचं आयुष्य १००० तास, जास्त टिकणारे बल्ब बनवणाऱ्याला दंड. त्याआधी दीड दोन हजार तास टिकणारे बल्ब मिळत होते. हो, त्यांचंही एक म्हणणं होतं की जास्त टिकणारा बल्ब तेवढ्याच उजेडाला जास्त वीज खातो, आणि ते तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही. पण ग्राहकाला काय परवडेल हे त्याला न विचारता बंद खोलीत ठरलं ना. तेच आज नियमाने, उघडपणे, उलट्या दिशेने ठरवा म्हटलं की लगेच स्वातंत्र्यावर घाला होतो.

मला समोरून दोन आक्षेप हमखास येतात. पहिला गरिबांचा. स्वस्त वस्तू बाजारातून काढल्या तर ज्याच्याकडे कमी पैसे आहेत त्याने काय करायचं? हा आक्षेप खरा आहे आणि मी तो झटकून टाकत नाही. पण स्वस्तातला जास्त वीज खाणारा पंखा म्हणजे काय, तर ते एक कर्जच आहे, ज्याचा हप्ता बिलातून जातो आणि ज्याचा व्याजदर दुकानदार सांगत नाही. आणि ते कर्ज नेमकं ज्याला परवडत नाही त्याच्या गळ्यात पडतं, पैसेवाला तर भारीतलाच घेतो. त्यामुळे चांगली वस्तू हप्त्यावर द्या, तिचा हप्ता विजेच्या बिलातच लावा, बचत झालेल्या युनिटमधून फिटू दे, पण वाईट वस्तू विकत राहा हे गरिबांच्या नावाने सांगू नका. लेबलवर सुद्धा चित्रं कमी आणि वर्षाला किती युनिट हा आकडा मोठ्ठा हवा. युरोपात ए नंतर ए प्लस, मग ए प्लस प्लस, मग तीन प्लस असं करत करत शेवटी कुणालाच काही कळेना, २०२१ मधे परत ए ते जी वर यावं लागलं.

दुसरा आक्षेप जेव्हन्सचा. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १८६५ मधेच लिहून ठेवलंय की इंजिन कोळसा कमी खायला लागलं म्हणजे देशाचा कोळसा वाचेल हा भ्रम आहे, उलट इंजिन परवडतं म्हणून ती वाढतात आणि कोळसा जास्तच जळतो. घरात हे थोडं होतं, नाकारत नाही. एलईडी आल्यापासून लोक छतभर दिवे लावतात, माझ्या एका मित्राच्या जिन्यातसुद्धा पायरीपायरीला दिवा आहे. पण गीझर चांगला आला म्हणून कुणी दिवसातून चारदा आंघोळ करत नाही, आणि फ्रिज मोठे होऊनसुद्धा वापर तिसऱ्या हिश्श्यावर आला तो आलाच. आणि जो माणूस आधी बिलाच्या भीतीने उकाड्यात पंखा बंद ठेवून पडायचा तो आता पंखा लावून झोपत असेल, तर त्याला वाया जाणं म्हणायचं का? मी नाही म्हणणार.

सवयी बदलून काहीच होत नाही असंही नाही. २०११ मधे फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या दुर्घटनेनंतर जपानच्या टोकियो आणि तोहोकू भागांत त्या उन्हाळ्यात मोठ्या ग्राहकांना गर्दीच्या वेळचा वापर १५ टक्के कमी करायची सक्ती झाली, घरांनाही तेवढीच बचत करायची विनंती होती, आणि लोकांनी खरंच वापर कमी केला. पण ते संकट होतं, सगळ्यांना माहीत होतं की वीज नाहीये. रोजच्या साध्या मंगळवारी माणूस तसं वागत नाही, आणि त्याने वागावं अशी अपेक्षा धरून सरकारं आणि कंपन्या हात झटकतात हीच तर माझी तक्रार आहे.

आणि सगळ्यात अवघड जागा म्हणजे भाड्याचं घर. आम्ही भाड्याने राहतो. एसी मालकाचा, गीझर मालकाचा, बिल आमचं. मालकाने चांगला एसी घेतला तर पैसे त्याचे जाणार आणि फायदा आम्हाला, आम्ही घेतला तर घर सोडताना भिंतीवरून उतरवून न्यायचा आणि पुढच्या घरात तो बसेल की नाही माहीत नाही. म्हणजे दोघंही शहाण्यासारखे वागले तरी जुना एसी भिंतीवर तसाच. याला नुसतं समजावून उपाय नाही, कारण कुणाची समजूत चुकलेलीच नाहीये. इंग्लंड आणि वेल्समधे एप्रिल २०१८ पासून नवा भाडेकरार करायचा तर घराला ऊर्जेचं किमान ई रेटिंग (ए सगळ्यात चांगलं, जी सगळ्यात वाईट) लागतं, फ्रान्समधे २०२५ च्या सुरुवातीपासून सगळ्यात खालच्या जी वर्गातलं घर नव्याने भाड्याने देता येत नाही. त्यात पळवाटा आहेत, घरं भाड्याच्या बाजारातून काढून घेतील ही भीतीही आहे, पण निदान प्रश्न बरोबर माणसाला विचारला गेला. मला तर इतकंही चालेल की घर दाखवताना गेल्या वर्षीचं बिल दाखवणं बंधनकारक करा. खोल्या किती, पार्किंग आहे का हे विचारतो तसं वर्षाला युनिट किती, विचारू दे की लोकांना.

एक बारीकशी गोष्ट राहिली. वापर कमी केला की बिल त्याच प्रमाणात कमी होतं असं नाही, कारण बऱ्याच ठिकाणी बिलात एक ठरलेला आकार असतो जो तुम्ही शून्य युनिट वापरलं तरी येतो. तो आकार जेवढा मोठा तेवढी बचत करणाऱ्याची चेष्टा. आमचे युनिट या वर्षी चांगले उतरले, बाबांनी बिल हातात घेऊन चष्म्यातून वर बघितलं आणि म्हणाले, "एवढं सगळं करून एवढंच?"

एसीचं मी अजून सोडलेलं नाही. जुन्या पद्धतीचा आहे, रात्री कॉम्प्रेसर उठला की खोलीतला दिवा क्षणभर मंद होतो आणि मग परत येतो, पडल्या पडल्या मी ते मोजत असतो, तासाला किती वेळा. महिनाभराचे आकडे काढले, इन्व्हर्टर एसीने किती वाचतील ते लिहिलं, निम्मे पैसे मी भरतो, एसी तुमचाच राहील असंही लिहिलं आणि मालकांना मेसेज पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, "चालतोय ना अजून? मग झालं तर."